रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी थर्मल कॅमेरा: निवडायचा कसा, बसवायचा कुठे, बघायचा किती

थर्मल कॅमेऱ्याच्या, म्हणजे उष्णतेवरून चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या, जाहिराती साधारण एकाच साच्याच्या असतात. अर्ध्या चित्रात काळोख, उरलेल्या अर्ध्यात रस्ता ओलांडणारं पांढरंशुभ्र हरीण. चित्र खोटं नसतं, पण ते थंड, कोरड्या रात्री, सरळ रस्त्यावर आणि चांगल्या लेन्सने काढलेलं असतं. तुमची रात्र तशी असेलच असं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा कॅमेरा त्याच्या पडद्यावर बघून गाडी चालवण्यासाठी नाही. दिव्यांच्या टप्प्याबाहेर काहीतरी जिवंत उभं आहे, हे दोन-तीन सेकंद आधी कळावं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघावा, एवढ्यासाठी तो आहे. हे धरून चाललात तर कोणता घ्यायचा, कुठे बसवायचा आणि किती बघायचा हे ठरवणं सोपं जातं.

१. आधी काच, दिवे आणि डोळे

कॅमेऱ्यावर खर्च करण्याआधी पुढची काच आतून पुसा. बाहेरून सगळेच पुसतात. आतल्या बाजूला डॅशबोर्डच्या प्लास्टिकची वाफ बसून जो पातळ तेलकट थर तयार होतो, तो समोरच्या दिव्यांचा प्रकाश फाकवतो. हेडलाइटची कव्हरं पिवळी पडली असतील तर पॉलिश करा किंवा बदला. दिव्यांची उंची तपासून घ्या आणि वायपरचे रबर बघा. चष्मा असेल तर नंबर तपासून घ्या, ओरखडे पडलेल्या काचा बदला. रात्री न दिसण्याची तक्रार बऱ्याच जणांची इथेच अर्धी होते.

एवढं करूनही अंधाऱ्या रस्त्यावर लांबचं दिसत नसेल, किंवा समोरच्या दिव्यांमुळे डोळे दिपत असतील, तर पुढे वाचा.

२. 'नाइट व्हिजन' म्हणून तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात

नवख्या माणसाची पहिली फसगत इथे होते.

पहिला प्रकार म्हणजे कमी उजेडात चालणारा साधा कॅमेरा. तो आहे तोच प्रकाश वाढवून दाखवतो. समोरून हाय बीम आला की तोही तुमच्यासारखाच आंधळा होतो.

दुसरा प्रकार जवळच्या इन्फ्रारेडचा. गाडीवरचे खास दिवे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश फेकतात आणि कॅमेरा तो परत आलेला टिपतो. चित्र बरंच खऱ्यासारखं असतं, रस्त्याच्या पट्ट्यासुद्धा दिसतात, आणि कॅमेरा काचेच्या आत बसवता येतो. पण पल्ला दिव्याच्या ताकदीवर ठरतो आणि धुक्यात तोच प्रकाश उलटा कॅमेऱ्यावर येतो.

तिसरा थर्मल. याला प्रकाश लागतच नाही. वस्तू स्वतःच जी उष्णता बाहेर टाकतात, साधारण ८ ते १४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची, ती तो मोजतो. समोरून कितीही प्रखर दिवे आले तरी त्याला फरक पडत नाही. हेडलाइट त्याच्यासाठी फक्त एक गरम ठिपका असतो. या लेखात पुढे 'कॅमेरा' म्हणजे हाच.

गाडीतला थर्मल कॅमेरा तसा नवा नाही. कॅडिलॅकने २००० सालच्या डेव्हिल (DeVille) मॉडेलमध्ये रेथिऑन या अमेरिकी संरक्षण कंपनीने बनवलेला थर्मल कॅमेरा दिला होता आणि त्याचं चित्र चालकासमोर काचेवर उमटायचं. होंडाने २००४ मध्ये जपानमध्ये लेजंड गाडीत दोन थर्मल कॅमेरे लावून पादचारी ओळखण्याची सोय दिली. २००५ मध्ये तर गंमतच झाली: मर्सिडीजने एस-क्लाससाठी जवळचा इन्फ्रारेड निवडला आणि बीएमडब्ल्यूने ७ सिरीजसाठी थर्मल. मोठ्या कंपन्यांचंही यावर एकमत नव्हतं.

ओळखायची सोपी खूण अशी. विक्रेता म्हणाला की हा कॅमेरा आतल्या आरशामागे, काचेच्या आत लावा, तर तो थर्मल नाही. साध्या काचेतून ही उष्णता आरपार जातच नाही. म्हणूनच थर्मलची लेन्स काचेची नसते, बहुतेक वेळा जर्मेनियम या धातूसारख्या मूलद्रव्याची असते, आणि ती समोरून बघितली तर आरसा असल्यासारखी चमकते. आरपार काही दिसत नाही.

३. त्याला काय दिसत नाही

हा भाग मुद्दाम खरेदीच्या आधी ठेवला आहे, कारण अपेक्षाभंग इथेच होतो.

कॅमेरा तापमानातला फरक दाखवतो. जिथे फरक नाही तिथे चित्र नाही. रस्त्याच्या पट्ट्या, फलकावरची अक्षरं, सिग्नलचा रंग हे त्याच्यासाठी जवळजवळ अस्तित्वातच नाही. खड्डा आणि गतिरोधक बहुतेक वेळा भोवतालच्या डांबरात मिसळून जातात. रस्त्यावर पडलेला दगड किंवा फांदी दिसेलच याची खात्री नाही.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे बंद पडून थंड झालेलं वाहन. चालत्या ट्रकची चाकं, सायलेन्सर, इंजिनाचा भाग लखलखीत दिसतो. तोच ट्रक दिवे न लावता रात्रभर उभा असेल तर पडद्यावर एक फिकट राखाडी चौकोन उरतो, आणि त्याचा चकचकीत पत्रा वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवत असेल तर नुसतं काळं भोक. यासाठी तुमचे हेडलाइट आणि डोळेच लागतात.

भिंतीपलीकडचं, दाट झुडपामागचं, टेकाडाच्या पलीकडचं काहीही दिसत नाही. दुसऱ्या गाडीच्या काचेमागे बसलेला माणूसही दिसत नाही.

४. किती लांबचं दिसायला हवं, त्याचं गणित

हा भाग वगळू नका. निवड इथेच होते.

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर असतील तर गाडी थांबायला लागणारं एकूण अंतर ताशी ६० किलोमीटरला साधारण ४५ मीटर, ८० ला ७० मीटर आणि १०० ला ९७ मीटरच्या आसपास येतं. रस्ता ओला असेल तर ८० चा आकडाही ९५ मीटरपर्यंत जातो.

लो बीमचा कामाचा पल्ला ढोबळमानाने ५० ते ६० मीटर. गडद कपड्यातला माणूस त्याहूनही जवळ आल्यावर दिसतो. म्हणजे ताशी ८० ने लो बीमवर जाताना थांबायला लागणाऱ्या अंतरापेक्षा तुम्हाला कमीच दिसत असतं. ही तूट भरून काढायची आहे. त्यासाठी कॅमेऱ्यावर १०० ते १५० मीटरवरचा माणूस ओळखू आला पाहिजे. ५०० मीटरवरचा ठिपका दिसून काही साधत नाही.

आता लेन्स. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे शोधा: पिक्सेल पिच (सेन्सरवरच्या शेजारच्या दोन पिक्सेलमधलं अंतर) मायक्रॉनमध्ये आणि लेन्सची फोकल लेंथ (नाभीय अंतर) मिलिमीटरमध्ये. पुढे '१९ मिलिमीटरची लेन्स' म्हणजे एवढ्या फोकल लेंथची. पिचला फोकल लेंथने भागा आणि दहाने गुणा. १०० मीटरवर एक पिक्सेल किती सेंटीमीटर जागा व्यापतो, ते उत्तर मिळतं.

उदाहरण घेऊ. पिच १२ मायक्रॉन, लेन्स १९ मिलिमीटर: उत्तर ६.३ सेंटीमीटर. माणूस साधारण ५० सेंटीमीटर रुंद, म्हणजे १०० मीटरवर तो आठ पिक्सेल रुंद आणि सुमारे सत्तावीस पिक्सेल उंच दिसेल. माणूस आहे हे कळायला हे पुरेसं आहे. तोच पिच आणि लेन्स ९.१ मिलिमीटर: उत्तर १३ सेंटीमीटर, माणूस जेमतेम चार पिक्सेल रुंद. काहीतरी आहे एवढंच कळेल. मोबाइलला जोडायच्या छोट्या थर्मल कॅमेऱ्यांची लेन्स तीन-चार मिलिमीटरची असते. तिथे १०० मीटरवरचा माणूस एक-दीड पिक्सेलचा होतो. पाइप गळतोय का, वायर तापतेय का हे बघायला ते उत्तम, गाडीसाठी निरुपयोगी.

अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतले जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये घालून दिलेला ठोकताळा अजून वापरात आहे. वस्तूच्या अरुंद बाजूवर दोन पिक्सेल पडले की 'काहीतरी आहे' हे कळतं, आठ पडले की 'काय आहे' ते कळतं. खोक्यावर छापलेला 'डिटेक्शन रेंज' बहुधा पहिल्या मापाचा असतो. वरच्या १९ मिलिमीटरच्या लेन्सचा डिटेक्शन पल्ला या हिशोबाने ४०० मीटर निघतो आणि ओळखण्याचा १००. म्हणून छापील पल्ल्याला सरळ चारने भागा आणि मग विचार करा.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. जास्त रिझोल्युशन म्हणजे जास्त लांबचं दिसणं नव्हे. पिच आणि लेन्स तीच असेल तर ३८४ पिक्सेल रुंदीचा आणि ६४० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा सारखंच लांब बघतात. १२ मायक्रॉन पिच आणि १३ मिलिमीटरच्या लेन्सवर पहिल्याला २० अंशांची फट दिसते, दुसऱ्याला ३३ अंशांची. जादा पिक्सेल तुम्हाला रस्त्याची कड दाखवतात. जनावर येतं ते कडेनेच, म्हणून ६४० ला माझी पसंती, पण ते कारण वेगळं आहे. सरळ महामार्गासाठी २० ते २५ अंश चालतात. वळणावळणाच्या रस्त्यावर अरुंद कॅमेरा वळणाबाहेरचं शेत दाखवत बसतो आणि रस्ता चित्रातून निघून जातो. तिथे ३० अंशांच्या पुढचाच घ्या, पल्ला थोडा कमी झाला तरी हरकत नाही. तिथे वेगही कमीच असतो.

५. माहितीपत्रकातल्या बाकीच्या ओळी

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (हर्ट्झ): ९ हर्ट्झचा घेऊ नका. निर्यातीच्या नियमांत ९ हर्ट्झ आणि त्याखालच्या कॅमेऱ्यांना सवलत असल्यामुळे बाजारात असे बरेच सापडतात. ताशी ८० ला दोन चित्रांच्या मधे गाडी अडीच मीटर पुढे जाते आणि पडद्यावर सगळं धक्के खात सरकतं. २५ किंवा त्याहून जास्त हवं.

संवेदनशीलता: तापमानातला किती छोटा फरक कळतो ते. ही मिलिकेल्विनमध्ये (अंशाचा हजारावा भाग) दिलेली असते. आकडा जितका कमी तितकं बरं. ५० च्या आत असावा, ४० च्या आत असेल तर दमट रात्री फरक जाणवतो.

शटर: थर्मल कॅमेऱ्यात एक छोटा शटर मधूनमधून 'टक्' करून पडतो आणि सेन्सर स्वतःला जुळवून घेतो. तेवढ्यापुरतं चित्र गोठतं. अर्धा सेकंद म्हणजे ताशी ८० ला ११ मीटर. सुरुवातीला हा आवाज ऐकून कॅमेरा बिघडला असं वाटतं. तो बिघाड नाही. पण चित्र गोठलं आहे हे पडद्यावर कुठेतरी दिसायला हवं. जो कॅमेरा गुपचूप जुनं चित्र दाखवत राहतो तो नको.

धूळ-पाण्यापासून संरक्षण किमान आयपी६७, म्हणजे धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. लेन्सला हीटर असेल तर थंड प्रदेशात दव आणि बर्फाचा त्रास वाचतो.

माणसाभोवती चौकोन काढून सूचना देणारी यंत्रणा उपयोगी आहे, कारण तिच्यामुळे पडद्याकडे सतत बघावं लागत नाही. पण उभा, चालणारा माणूस तिला सहज ओळखू येतो. वाकलेला, बसलेला किंवा रस्त्यावर पडलेला सहज निसटतो. चौकोन आला तर सावध व्हा. चौकोन आला नाही यातून कोणताही अर्थ काढू नका.

६. कागदपत्रं आणि परवानगीच्या बाबी

थर्मल कॅमेरा अनेक देशांत नागरी आणि लष्करी अशा दोन्ही वापराची वस्तू मानला जातो. त्यामुळे परदेशातून मागवताना किंवा तो बसवलेली गाडी घेऊन सीमा ओलांडताना कागद लागू शकतात. हे आधीच गोळा करून ठेवा:

- बिल, त्यावर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर
- माहितीपत्रकाची प्रत, त्यात फ्रेम रेट आणि रिझोल्युशन स्पष्ट लिहिलेलं
- बाहेरून आणला असेल तर आयातीचे कागद आणि विक्रेत्याने मागितलेलं वापराचं प्रतिज्ञापत्र
- गाडीची नोंदणी आणि विमा पॉलिसी. जादा उपकरण बसवल्याचं विमा कंपनीला लेखी कळवलेलं पत्र
- गाडीच्या वॉरंटीच्या अटी, विशेषतः वायरिंगबद्दलच्या
- तुमच्या गाडीचा वायरिंग डायग्राम आणि फ्यूज बॉक्सचा तक्ता

चालकाला दिसेल अशा जागी चालतं चित्र असलेला पडदा ठेवण्यावर बऱ्याच ठिकाणी बंधन आहे, आणि चालवायला मदत करणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातून सूट आहे की नाही हे प्रत्येक देशाचा नियम ठरवतो. आपल्या वाहतूक खात्याचा नियम स्वतः वाचा. दुकानदाराच्या 'सगळेच लावतात'वर विसंबू नका.

जुना कॅमेरा घेत असाल तर लेन्ससमोर तळहात सपाट धरून चित्र बघा. सगळीकडे सारखं यायला हवं. कायम उजळ किंवा काळे राहिलेले ठिपके, किंवा वाकडी तिकडी फिकट रेघ दिसली तर सोडून द्या. अशी रेघ बहुतेक वेळा सूर्याने उमटवलेली असते. लेन्स उन्हाकडे तोंड करून राहिली की सूर्य जसा सरकतो तसा सेन्सरवर डाग उठू शकतो.

७. जागा ठरवा

दोनच जागा विचारात घेण्यासारख्या आहेत: पुढची ग्रिल आणि छप्पर.

ग्रिलमध्ये कॅमेरा सुरक्षित, चोरांच्या नजरेआड, आणि वायर छोटी. पण चिखल, किडे आणि पुढच्या गाडीचं उडणारं पाणी थेट लेन्सवर. शिवाय जागा खाली असल्यामुळे पुढे एखादी गाडी असेल तर तिच्या मागच्या भागापलीकडे काहीच दिसत नाही. छपरावरून दूरचं आणि गाड्यांच्या वरून दिसतं, लेन्सही स्वच्छ राहते. मात्र गरम बोनेट चित्रात येता कामा नये आणि बुडाला पक्की पकड हवी. रोज लहान गाडीतून जाणाऱ्याने ग्रिल घ्यावी. उंच गाडी, रानातले रस्ते असतील तर छप्पर.

ग्रिलमध्ये बसवताना तीन गोष्टी टाळा. अनेक नव्या गाड्यांत कंपनीच्या चिन्हामागे किंवा ग्रिलच्या खालच्या भागात रडार असतो. त्याच्यासमोर ब्रॅकेट आला तर आपोआप लागणारा ब्रेक बिनसतो. रेडिएटरकडे जाणारी हवा अडवू नका. आणि इंजिनाच्या तापलेल्या भागाला टेकवून बसवू नका. कॅमेऱ्याचं तापमान झरझर बदललं की शटर सारखा पडत राहतो.

८. वायरिंग

लागणारी हत्यारं आणि सामान: मल्टिमीटर, क्रिंपिंग प्लायर, फ्यूज बॉक्समधून जोडणी घ्यायचा ॲड-अ-फ्यूज, योग्य क्षमतेचा फ्यूज, हीट श्रिंक ट्यूब, वायरवर चढवायची नळी, रबर ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायची रबरी कडी), झिप टाय, प्लास्टिकचे पॅनेल-खोलणे, गंज न लागणारा ब्रॅकेट आणि लॉक नट.

- बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलच्या आसपासही हात नको. अशा गाडीचं काम जाणकारालाच द्या.
- वीज चावी फिरवल्यावर सुरू होणाऱ्या फ्यूजवरून घ्या, म्हणजे कॅमेरा बॅटरी पीत राहणार नाही. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिन कंट्रोलच्या फ्यूजला हात लावू नका.
- फ्यूजची क्षमता माहितीपत्रकाप्रमाणे ठेवा. हीटर असलेला कॅमेरा जास्त वीज घेतो.
- इंजिनाकडून केबिनमध्ये येताना पत्र्याला असलेल्या जुन्याच रबर ग्रोमेटमधून वायर आणा. उघड्या पत्र्याच्या कडेवर घासणारी वायर आज ना उद्या शॉर्ट होते.
- काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेत असाल तर आतल्या एअरबॅगच्या मागून न्या, पुढून कधीच नको.
- पडदा आणि कॅमेरा यांचा सिग्नल जुळतो का ते सगळं बंद करण्याआधी टेबलावर जोडून बघा. ॲनालॉग कॅमेरा आणि डिजिटल पडदा अशी जोडी जमवताना मधे कन्व्हर्टर घातला तर चित्र उशिरा येतं. लेन्ससमोर हात हलवून पडद्याकडे बघा, आणि उशीर डोळ्यांना जाणवला तर ती जोडी गाडीत बसवू नका.

९. पडदा आणि कॅमेऱ्याची दिशा

पडदा रस्त्याच्या नजरेच्या शक्य तितका जवळ हवा, पण रस्त्याचा कोणताही भाग झाकता कामा नये. स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या वर जागा मिळाली तर उत्तम. गिअरजवळ खाली लावलेला पडदा म्हणजे मान खाली घालून गाडी चालवण्याचं आमंत्रण.

ब्राइटनेस दिवसा लावू नका. अंधारात, डोळे सरावल्यावर, पडदा जेमतेम वाचता येईल इतका मंद करा. डोळ्यांना अंधाराचा पूर्ण सराव व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि झगझगीत पडदा तो क्षणात घालवतो.

रंगसंगती 'व्हाइट हॉट' ठेवा, म्हणजे गरम ते पांढरं. 'ब्लॅक हॉट'मध्ये पार्श्वभूमी उजळ राहते आणि डोळे थकतात. इंद्रधनुषी रंग दुकानात छान दिसतात, रस्त्यावर गोंधळ घालतात. फक्त सर्वांत गरम भाग लाल करणारी सेटिंगही बंद ठेवा. तो लाल रंग पुढच्या गाडीच्या सायलेन्सरवरच खर्च होतो आणि कडेचा माणूस राखाडीच राहतो.

दिशा लावायला सपाट, सरळ रस्ता निवडा. क्षितिजाची रेघ चित्राच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात यायला हवी. कारण असं: रात्रीचं निरभ्र आकाश रस्त्यापेक्षा खूप थंड असतं, आणि कॅमेरा सगळ्यात थंड ते सगळ्यात गरम अशी राखाडी छटांची वाटणी करतो. आकाश जास्त आलं की छटा तिकडे खर्च होतात आणि रस्त्यावरचं सगळं एकसारखं दिसू लागतं. काही कॅमेऱ्यांत ही वाटणी फक्त खालच्या भागावरून करण्याची सेटिंग असते. असेल तर नक्की वापरा.

१०. डोळ्यांना शिकवा

आधी उभ्या गाडीत. एखाद्या बंदिस्त, रहदारी नसलेल्या जागी अंधार पडल्यावर सोबत्याला ५०, १०० आणि १५० मीटरवर उभं करा; अंतर टेपने किंवा पावलांनी मोजा. उभा, बसलेला, पाठमोरा, सायकलवर असा प्रत्येक प्रकार बघा. जाड जॅकेट घातलेल्या माणसाचं धड फिकट पडतं आणि फक्त चेहरा व हात चमकतात. सायकलस्वारात हलणाऱ्या पोटऱ्या सर्वांत आधी दिसतात. सायकल जवळपास अदृश्य. कुत्र्याचे डोळे आणि तोंड लखलखीत, दाट केसांची पाठ मंद. नुकतीच उभी केलेली मोटरसायकल कोणत्याही प्राण्यापेक्षा प्रखर दिसते. ही चित्रं एकदा ओळखीची झाली की चालत्या गाडीत विचार करावा लागत नाही.

मग सोबत्याला चालवायला द्या आणि तुम्ही बाजूला बसून पडदा व रस्ता ताडून बघा. त्यानंतरच स्वतः.

चालवताना हा पडदा मागच्या आरशासारखा वापरा: नजर रस्त्यावर, क्षणभर पडदा, परत रस्ता. ताशी ८० ला एक पूर्ण सेकंद म्हणजे २२ मीटर न बघता गेलेले. काही दिसलं तर आधी वेग कमी करा आणि मग ते डोळ्यांनी रस्त्यावर शोधा. पडद्यावर बघत बाजूने काढण्याचा प्रयत्न करू नका. चित्र सपाट असतं, त्यातून अंतर कळत नाही. शिवाय छोट्या पडद्यावर सगळं आक्रसून आल्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते.

शहरात, दिव्याखाली, गर्दीत पडदा बंद ठेवायला शिका. तिथे सगळंच गरम असतं आणि डोळ्यांनी जास्त चांगलं दिसतं.

आणि वेग. कॅमेरा बसवल्यावर पहिला मोह ताशी दहा-वीस किलोमीटर वाढवण्याचा होतो. तेवढं केलंत की चौथ्या भागातलं सगळं गणित शून्यावर येतं, आणि थंड ट्रक तर कॅमेऱ्याला धड दिसतच नाही.

११. हवामानाप्रमाणे भरवसा कमी-जास्त करा

थंड, कोरडी रात्र सर्वांत चांगली. उन्हाळ्यात परिस्थिती फिरते. माणसाच्या त्वचेचं तापमान ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असतं. दिवसभर तापलेलं डांबर सूर्यास्तानंतर बराच वेळ त्याहून गरम राहतं. अशा वेळी माणूस पांढऱ्या रस्त्यावर काळसर दिसतो. पांढरं तेच शोधायची सवय लागलेली नजर त्याला चुकवते. संध्याकाळी आणि पहाटे एक वेळ अशी येते की झाडं, माती, रस्ता सगळ्यांचं तापमान जवळपास सारखं होतं आणि चित्र धुवून काढल्यासारखं सपाट दिसतं.

पावसात दुहेरी मार. ओल्याने सगळ्या पृष्ठभागांचं तापमान एकसारखं होतं, आणि लेन्सवरचा पाण्याचा थर उष्णता अडवतो. धूर, धूळ, हलकं धुकं यांत थर्मल डोळ्यांपेक्षा बराच सरस ठरतो. दाट, ओल्या धुक्यात मात्र नाही; तिथले थेंब त्याच्या तरंगलांबीइतके किंवा त्याहून मोठे असतात. 'धुक्यातून आरपार' असं छापलेलं असलं तरी दाट धुक्यात गाडी सुरक्षित जागी थांबवणं हाच मार्ग.

१२. देखभाल

लेन्स कोरड्या फडक्याने घासू नका. आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ मायक्रोफायबरने टिपा. किडे चिकटले असतील तर ओलं फडकं थोडा वेळ ठेवून मऊ करा, नखाने खरवडू नका. प्रेशर वॉशरची धार लेन्सपासून लांब ठेवायला धुणाऱ्याला आधीच सांगा. गाडी दिवसभर उन्हात उभी राहणार असेल तर लेन्सवर झाकण लावा, आणि निघताना ते काढायची आठवण राहावी म्हणून चावीला चिठ्ठी अडकवा. झाकण असताना पडद्यावर सपाट राखाडी दिसतं आणि अंधारात ते पटकन लक्षात येत नाही.

बंपरचं काम झालं, टायरचा आकार बदलला, मागे जड सामान भरलं, की कॅमेऱ्याची दिशा हलते. क्षितिजाची रेघ जागेवर आहे का ते निघण्याआधी बघा. वर्षातून एकदा ब्रॅकेटचे नट आवळा, ग्रोमेट तपासा, आणि अंधारात सोबत्याला पुन्हा १०० मीटरवर उभं करून चित्र पहिल्याइतकंच स्वच्छ येतंय का ते ताडून घ्या.